तारणाचा निश्चय : लूथरच्या एका हस्तलिखिताची साक्ष

ईश्वराची कृपा आपल्यावर झाली कीं नाहीं, हें मनुष्यास याच जन्मीं निश्चयानें कळूं शकतें काय? ख्रिस्ती धर्मशास्त्रांत या प्रश्नास तारणाच्या निश्चयाचा प्रश्न म्हणतात. सोळाव्या शतकांत ज्या वादांनीं पश्चिम युरोपचें धर्मपीठ दुभंगलें, त्यांत हा एक प्रमुख होय. हा सिद्धान्त मार्टिन लूथर यानें केव्हां स्वीकारला, याचा उलगडा करण्यास एक हस्तलिखित फार उपयोगीं पडलें आहे. म्हणून हा विषय येथें घेतला आहे. सिद्धान्त खरा कीं खोटा, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं.

प्रथम शब्दांचा विचार करूं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत ‘तारण’ व ‘विश्वास’ हे शब्द रूढ आहेत. लॅटिन भाषेंतील ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी मानतों’, हें क्रियापद आपल्या ‘श्रद्धा’ या शब्दाचें सगोत्र आहे. ‘विश्वास’ या शब्दांत मात्र ‘श्वस्’ धातु असून निःशंकपणें श्वास घेण्याचा भाव त्यांत आहे. लूथरला अभिप्रेत असलेला अर्थ या दुसऱ्या शब्दास अधिक जवळचा. एखादें मत मान्य करणें एवढ्यानें त्याचा विश्वास पुरा होत नाहीं. वचन देणाऱ्यावर भार टाकून स्वस्थ होणें म्हणजे विश्वास. तथापि दुसऱ्याच्या वचनाविषयींचा निश्चय आणि स्वतःविषयींचा निर्धास्तपणा यांत तो भेद करतो. पहिला तो आवश्यक मानतो, दुसऱ्याचा निषेध करतो.

हा भेद एका व्यवहारांतील शब्दानें स्पष्ट होईल. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत पवित्र आत्म्यास ‘अर्राबोन’ म्हटलें आहे. हा ग्रीक व्यापाऱ्यांचा शब्द असून त्याचा अर्थ ‘विसार’. विसार पावला म्हणजे वस्तु पदरांत पडली असें नव्हे. पण बोली पक्की झाली, आणि ती पाळण्याचा भार विसार देणाऱ्यावर आला. तारणाचा निश्चय या प्रकारचा आहे.

आतां कालनिर्णयाकडे वळूं. लूथरनें आपल्या लॅटिन ग्रंथसंग्रहास १५४५ सालीं प्रस्तावना लिहिली. पुढल्याच वर्षीं तो वारला. तींत तो सांगतो कीं, मठांत निर्दोष आचरण ठेवूनही चित्तास शांति नव्हती. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांतील ‘ईश्वराचें नीतिमत्त्व’ हे शब्द वाचतांच दंड देणाऱ्या ईश्वराविषयीं मनांत रोष उत्पन्न होई. पुढें एकदां त्या शब्दांचा खरा अर्थ उमगला आणि स्वर्गाचें दार उघडल्यासारखें झालें. प्रस्तावनेंतील संदर्भावरून हा प्रसंग १५१८–१९ च्या सुमाराचा ठरतो. परंतु हें कथन सुमारें पंचवीस वर्षांनंतरचें, वृद्धापकाळीं स्मरणानें लिहिलेलें. आपल्याकडील परिभाषेंत ही बखर झाली. अस्सल कागद काय सांगतो?

तो कागद सुदैवानें उपलब्ध आहे. १५१५–१६ मध्यें विटेनबर्ग येथील विद्यापीठांत लूथरनें रोमकरांस पत्रावर व्याख्यानें दिलीं. त्यासाठीं पत्राची लॅटिन संहिता ओळींत अंतर राखून व रुंद समास सोडून मुद्दाम छापविली होती. त्या अंतरांत व समासांत त्यानें स्वहस्तें टिपणें लिहिलीं व विस्तृत विवरण वेगळ्या पानांवर केलें. हीं व्याख्यानें त्याच्या हयातींत छापलीं गेलीं नाहींत. त्यांची एक नक्कल हायडेलबर्गहून १६२३ सालीं रोमास नेलेल्या ग्रंथभांडारांतून व्हॅटिकनमध्यें राहिली; डॉमिनिकन पंडित डेनिफ्ले यांनीं १९०४ मध्यें लूथरवर टीका करतांना तिचाच आधार घेतला. मूळ प्रत मात्र बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयांत असूनही अभ्यासकांचें तिकडे लक्ष गेलें नव्हतें! योहान्स फिकर यांनीं ती १९०८ सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९३८ सालीं ती लूथरच्या समग्र ग्रंथांच्या वायमार आवृत्तींत छप्पन्नावा खंड म्हणून निघाली.

या प्रतींत पहिल्या अध्यायावरील विवरणांत ‘ईश्वराचें नीतिमत्त्व’ म्हणजे ईश्वर ज्याच्या योगें मनुष्यास नीतिमान करतो तें, असा नवा अर्थ आधींच दिलेला आहे. चौथ्या अध्यायावर रोग्याचा दृष्टान्त आहे. वैद्य बरें करण्याचें वचन देतो. रोगी तें खरें मानून पथ्य पाळतो. तो वस्तुतः आजारी, पण वैद्याच्या वचनामुळें बरा. तसा मनुष्य एकाच वेळीं पापी आणि नीतिमान. येथवर बखरीची तारीख चुकली असेंच वाटेल. परंतु तिसऱ्या अध्यायावर लिहितांना तोच लूथर म्हणतो कीं, आपण नीतिमान ठरलों कीं नाहीं, किंबहुना आपण खरोखर विश्वास ठेवतों कीं नाहीं, हें आपणांस कधींच कळूं शकत नाहीं. तात्पर्य, नवा अर्थ १५१५–१६ मध्यें आला. निश्चय आलेला नव्हता.

तो आला १५१८ मध्यें. पापक्षमेचे शब्द कानीं पडतांच ते ख्रिस्ताचें वचन समजून आपणांस क्षमा झाली असें ठाम मानलें पाहिजे, असें लूथर त्या वर्षीं प्रतिपादूं लागला. ऑक्टोबरांत ऑग्सबर्ग येथें कार्डिनल काजेतान यांनीं त्याची तपासणी केली, तेव्हां ज्या दोन मतांवर आक्षेप घेतला त्यांपैकीं हें एक. असें मानणें म्हणजे नवीन धर्मसंस्थाच उभारणें होय, असा अभिप्राय त्या विद्वानानें लिहून ठेवला आहे. अर्न्स्ट बिझर यांनीं १९५८ सालीं लूथरच्या मतपरिवर्तनाचा काल १५१८ हाच धरला. तेव्हां बखरही अगदींच खोटी नव्हे. दोन टप्पे तिनें एका प्रसंगांत गोंवले असावेत, असें आम्हांस वाटतें.

ट्रेंटच्या धर्मसभेनें १३ जानेवारी १५४७ रोजीं यावर निर्णय दिला : ईश्वराची दया व ख्रिस्ताचें पुण्य यांविषयीं कोणीं संशय धरूं नये, परंतु आपणांस कृपा प्राप्त झालीच, हें चुकीस जागाच नसलेल्या निश्चयानें कोणास जाणतां येत नाहीं. उलट पक्षांतही एकवाक्यता राहिली नाहीं. वेस्टमिन्स्टरच्या सभेनें १६४६ मध्यें पूर्ण केलेल्या मतपत्रांत, खऱ्या भाविकासही या निश्चयासाठीं दीर्घकाळ वाट पाहावी लागूं शकेल, असें कबूल केलें आहे.

अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं लूथरपंथी संघ व रोमन कॅथलिक धर्मपीठ यांनीं एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मनुष्य स्वतःकडे पाहील तर चिंतेस कारण आहे, ईश्वराच्या वचनाकडे पाहील तर भरंवशास जागा आहे, असा त्यांतील निश्चयविषयक कलमाचा आशय. सह्या झाल्या त्या ऑग्सबर्ग येथेंच, काजेतान व लूथर जेथें समोरासमोर आले होते तेथें.

संग्राहकांनीं यांतून एवढें घ्यावें कीं, पोथी हातीं आली असतां समासांतील टिपणें आधीं वाचावीं. पुढें प्रसिद्धीस आलेला मनुष्य तेथें कित्येकदां अद्याप संशयांत असलेला भेटतो.