माशांचे रुग्णालय

मुंबईत चौपाटीजवळ, समुद्राच्या अगदी काठावर, १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तेव्हापासून कित्येक पिढ्यांतील मुलांनी तेथे काचेला नाक लावून समुद्राच्या पोटातील सृष्टी पाहिली. अशा मत्स्यालयांत खाऱ्या पाण्याच्या टाक्यांपुढे गर्दी जरा जास्तच रेंगाळते. कारण प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांचे रंग गोड्या पाण्यात सहसा पाहावयास मिळत नाहीत. परंतु प्रत्येक चांगल्या मत्स्यालयात आणखी एक दालन असते आणि ते प्रेक्षकांना दाखविले जात नाही. तेथील टाक्यांत वाळू नसते, शिंपले नसतात, प्रवाळही नसतात. उघडा तळ, त्यावर प्लॅस्टिकच्या नळाचे दोन-चार तुकडे, पाण्यात बुडबुडे सोडणारा एक स्पंज आणि काचेवर तारीख लिहिलेली चिठ्ठी, एवढाच तेथला थाट. हे माशांचे रुग्णालय होय.

तेथे कोणाला आणि का नेतात, हे एका लहानशा माशाच्या उदाहरणाने नीट समजेल. विदूषक मासा हा नारिंगी अंगाचा, त्यावर तीन पांढरे पट्टे असलेला, बोटाएवढा मासा आहे. तो समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. समुद्रफूल हे नावाने फूल असले, तरी तो प्राणीच आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या शुंडांत विषारी काटे असतात. इतर लहान मासे त्यांना शिवले तर प्राणास मुकतात. विदूषक मासा मात्र त्या शुंडांत खुशाल लोळतो. त्याच टाकीत एखादी रंगीत कोळंबी, एखादा तारामासा आणि थोडे प्रवाळ असे शेजारीही असतात.

एके दिवशी माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात. रव्याचे कण चिकटावेत तसे ते दिसतात. मासा खडकाला अंग घासतो, कल्ले भराभर हलवितो, खाणे टाकतो. मत्स्यपालक चिंतेत पडतो. मग चार-सहा दिवसांनी ते ठिपके आपोआप नाहीसे होतात! मासा पुन्हा खाऊ लागतो. नवखा माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. जाणत्याची काळजी मात्र त्याच दिवशी वाढते.

असे का व्हावे, हे कळण्यासाठी त्या ठिपक्यात कोण बसले आहे ते पाहिले पाहिजे. तो आहे एक परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर जगणारा एकपेशीय जीव. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या रोगाचे वर्णन केले होते. पुढे १९५१ साली, म्हणजे मुंबईत मत्स्यालय सुरू झाले त्याच वर्षी, लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेत ई. एम. ब्राउन यांनी या जीवाला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ असे नाव दिले. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे ज्याचे केंद्रक लपलेले आहे तो. नाव त्याला शोभते. कारण लपणे हाच त्याचा मोठा गुण आहे.

माशाच्या त्वचेखाली शिरून हा जीव तीन ते सात दिवस पेशींवर पोसला जातो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका. पुरेसा वाढला की तो मासा सोडतो, आणि तेही बहुधा रात्रीच्या काळोखात. मग टाकीच्या तळाशी जाऊन तो आपल्याभोवती एक घट्ट कोश बनवितो. कोशाच्या आत तो एकाचे दोन, दोहोंचे चार असा विभागत जातो आणि काही दिवसांनी त्या एका कोशातून दोनशेपर्यंत पोहणारी पिले बाहेर पडतात. माशाच्या अंगावर बारा ठिपके असतील, तर हिशेबाने पुढच्या पिढीत दोन हजार चारशे शत्रू होतात. प्रत्येक पिलाला एखादा मासा लवकर गाठावा लागतो. एक-दोन दिवसांत तो मिळाला नाही, तर ते मरते. अथांग सागरात बहुतेक पिले अशीच मरतात. म्हणून तेथे या रोगाने माशांचे थवे सहसा नष्ट होत नाहीत. चार हात लांबीच्या टाकीत मात्र माशाला पळून जावयास जागाच नसते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे. रोग तळाशी उतरला, एवढाच त्याचा अर्थ.

या जीवावर औषध आहे. ते म्हणजे तांबे. द्राक्षांच्या वेलींवर बुरशी पडू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण फवारतात. त्या मोरचुदातही तांबेच असते. पाण्यात विरघळलेले तांबे पोहणाऱ्या पिलांना मारते. मग मोरचुदाचे पाणी सरळ त्या टाकीत ओतले तर? मासा कदाचित वाचेल. पण कोळंबी मरेल, तारामासा मरेल, प्रवाळ मरतील आणि ज्याच्या आश्रयाने मासा राहतो ते समुद्रफूलही मरेल. माशाला जेवढे तांबे सोसते तेवढे या बिनकण्याच्या प्राण्यांना सोसत नाही. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, अशी ही अडचण आहे. म्हणून रोग्यालाच बाहेर काढावे लागते.

रुग्णालयातील टाकी इतकी ओकीबोकी का, याचे उत्तरही येथेच मिळते. प्रवाळांची वाळू आणि शिंपले चुन्याच्या जातीचे असतात आणि ते पाण्यातील तांबे शोषून घेतात. सकाळी औषध घालावे आणि संध्याकाळी ते नाहीसे व्हावे, असा प्रकार होतो. नळाचे तुकडे तांबे शोषत नाहीत आणि घाबरलेल्या माशाला लपावयास घरही देतात.

तांब्याचे प्रमाण फार जपावे लागते. साधारणपणे एका लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे ठेवतात. म्हणजे हजार लिटर पाण्यात पाव ग्रॅमसुद्धा नाही. प्रमाण घसरले तर परजीवी जगतो. ते वाढले तर माशाच्याच कल्ल्यांना इजा होते. म्हणून पाण्याचा नमुना रोज काढून, त्यात रसायनाचे थेंब टाकून, उमटलेल्या रंगावरून तांबे मोजतात. शिवाय हे औषध ठिपक्यातल्या जीवाला लागू पडत नाही आणि कोशातल्यालाही नाही. ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिलांनाच गाठते. तेव्हा शेवटचा कोश उघडेपर्यंत वाट पाहावी लागते आणि मासा ठणठणीत दिसत असला तरी निदान तीन आठवडे, पुष्कळदा त्याहूनही अधिक काळ, उपचार चालू ठेवावा लागतो.

या काळात रोगापेक्षा मोठे संकट दुसऱ्याच बाजूने येऊ शकते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो व तो माशाला विषासारखाच असतो. मोठ्या टाकीत खडकांवर आणि वाळूत वाढलेले जीवाणू त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. नव्या उघड्या टाकीत हे जीवाणू कोठून येणार? म्हणून दूरदर्शी पालक एक जादा स्पंज निरोगी टाकीत काही आठवडे आधीच ठेवून देतो. जीवाणू त्यावर वस्ती करतात आणि वेळ आली की तो स्पंज रुग्णालयात हलविता येतो. एवढे करूनही वरचेवर थोडे पाणी बदलावे लागते. बदललेल्या पाण्याबरोबर तांबेही जाते. नव्या पाण्यात ते तेवढेच मोजून घालावयास विसरले, तर मागचे सारे दिवस वाया जातात. घाईत असलेल्या माणसाचे हे काम नव्हे.

तांब्यावाचूनही दोन उपाय आहेत. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण काही दिवसांत हळूहळू निम्म्याखाली, म्हणजे १५-१६ ग्रॅमपर्यंत आणले, तर बहुतेक कोश फुटून नष्ट होतात. हाडे असलेल्या समुद्री माशाच्या अंगातील रस मुळातच समुद्राहून पुष्कळ कमी खारट असतो, म्हणून त्याला एवढा बदल सोसतो. शार्क माशांवर आणि बिनकण्याच्या प्राण्यांवर मात्र हा प्रयोग करता येत नाही. पाण्याचा खारेपणा पाहण्यासाठी तरकाटा जवळ ठेवावा लागतो. जिभेवरच्या अंदाजाने हे भागत नाही.

दुसरा उपाय तर निव्वळ हिशेबाचा आहे. माशाला सोडून तळाशी गेलेला जीव कोशातून पुन्हा बाहेर पडावयास निदान तीन दिवस घेतो. तेव्हा दर तिसऱ्या दिवशी मासा स्वच्छ, कोरड्या करून ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत नव्या पाण्यात हलवावयाचा. गळून पडलेले शत्रू मागेच राहतात. चार वेळा असे स्थलांतर केले की सुमारे बारा दिवसांत माशाच्या अंगावर परजीवी उरत नाही. प्रत्येक वेळी मागची टाकी, जाळी आणि स्पंज धुऊन पूर्ण वाळवितात. एकाच ओल्या जाळीने दोन टाक्यांत काम केले, तर जाळीबरोबर रोगही पलीकडे जातो.

इकडे मोठ्या टाकीचे काय? तेथे समुद्रफूल आणि कोळंबी सुखरूप असतात; हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. पण तळाशी कोश आहेत. टाकीत एकही मासा ठेवावयाचा नाही, हाच त्यांच्यावर उपाय. पिले बाहेर पडतात, मासा शोधतात आणि उपाशी मरतात. काही कोश दोन महिन्यांहून अधिक काळाने उघडल्याची नोंद आहे, म्हणून सावध पालक टाकी अडीच महिनेही बिनमाशांची ठेवतात.

हा सारा खटाटोप टळावा म्हणून शहाणी मत्स्यालये प्रत्येक नव्या माशालाही आधी काही आठवडे वेगळे ठेवतात. यालाच क्वारंटाइन म्हणतात. हा शब्द २०२० साली करोनाच्या साथीत घरोघरी पोचला. परंतु तो फार जुना आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुझा नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली प्लेग असलेल्या ठिकाणांहून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली आणि इटालियन भाषेतील चाळीस या अर्थाच्या ‘क्वारान्ता’ या शब्दावरून तिला नाव मिळाले.

मुदत संपली की विदूषक मासा आपल्या टाकीत परत येतो. समुद्रफूल जागेवरच असते. पण इतक्या दिवसांच्या वियोगानंतर तो एकदम त्यात शिरेलच असे नाही. दीर्घकाळ दूर राहिलेल्या माशाच्या अंगी शुंडांचा दाह टाळण्याचे सामर्थ्य पुष्कळदा उरलेले नसते. तो जवळ येतो, शेपटीचे टोक शुंडाला लावतो आणि झटकन मागे फिरतो. पुन्हा येतो, या वेळी परांनी शिवतो, पुन्हा सरतो. असे कधी काही मिनिटे, तर कधी तासन्‌तास चालते. मग केव्हा तरी तो शुंडांत अर्धा बुडालेला दिसतो आणि संध्याकाळी टाकीवरचा दिवा मालविताना पालकाला त्याचे फक्त नारिंगी तोंड बाहेर दिसते.