पाण्यांतील विषारी धातूंचा शोध

आमचें सुपा गांव पारनेर तालुक्यांत, पुणें-नगर रस्त्यावर आहे. हा मुलूख अवर्षणाचा. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपलेलें पाणी विहिरींत व कूपनलिकांत येतें, तेंच पुष्कळांस आधार. गांवाशेजारीं आतां औद्योगिक वसाहतही आहे. येथील पाणी दूषित आहे असें आमचें म्हणणें नव्हे. परंतु जेथें शेती, वस्ती व कारखाने शेजारीं नांदतात, तेथें पाण्याची परीक्षा वरचेवर व्हावी, हें कोणीही सुज्ञ मान्य करील.

गढूळ पाणी डोळ्यांस दिसतें, खारें जिभेस कळतें. पण शिसें किंवा कॅडमियम अत्यल्प असतां त्यांस ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळल्यानें रोगजंतू मरतात, शिसें मात्र तसेंच राहतें. त्याचा अधिक घात होतो तो लहान मुलांचा. त्यांच्या वाढत्या मेंदूस तें अपाय करतें. जपानांत मिनामाता येथें कारखान्याच्या सांडपाण्यांतील पारा मासळीवाटे माणसांच्या पोटांत गेला, व त्या भयंकर रोगाची पहिली अधिकृत नोंद १९५६ सालीं झाली.

भारतीय मानकाप्रमाणें एक लिटर पिण्याच्या पाण्यांत शिसें ०.०१, कॅडमियम ०.००३ व पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक नसावा. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! धातूनें ज्योतींत शोषिलेल्या प्रकाशावरून त्याचें प्रमाण ठरविणारें साधें यंत्र इतकें अल्प शिसें खात्रीनें मोजूं शकत नाहीं. म्हणून तें आधीं थोड्या द्रवांत गोळा करावें लागतें. या क्रियेस निष्कर्षण म्हणतात. त्यासाठीं पूर्वीं क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड असे द्रव वापरीत. परंतु ते स्वतःच विषारी. विहीर तपासावी आणि तपासतांना नवें विष निर्माण करावें, हा न्याय विपरीत होय.

ही अडचण ओळखून निघालेल्या रीतींस हरित निष्कर्षण म्हणतात. त्यांतील एक अशी: ५० मिलिलिटर पाण्यांत प्रथम धातूस घट्ट धरणारें रसायन घालतात. मग साबणाच्या जातीचा, ट्रायटन एक्स-११४ नांवाचा पदार्थ किंचित् मिसळतात. हा थंड पाण्यांत विरघळतो, पण पाणी ऊन केलें म्हणजे तें दुधासारखें धूसर होतें. नंतर तें यंत्रांत गरगर फिरविलें असतां दाट थर तळाशीं बसतो व त्यांत धातू अडकून येतो. ताक घुसळतां लोणी निघावें तसेंच हें. भेद इतकाच कीं लोणी वर येतें, हा थर खालीं बसतो. वरचें पाणी काढून तो थर आम्ल व अल्कोहोल घालून अर्धा मिलिलिटर केला, आणि सर्व शिसें त्यांत आलें, तर तें शंभरपट दाट झालें. आतां यंत्रास तें मोजतां येतें.

तथापि ‘हरित’ या शब्दानें भुलूं नये. ट्रायटन ओढ्यानाल्यांत गेल्यास त्यापासून माशांस अपायकारक द्रव्य उत्पन्न होतें; युरोपीय संघानें २०२१ पासून अशा पदार्थांच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. म्हणून तो थोडाच वापरावा, व उरलेला द्रव मोरींत न ओतितां वेगळा सांठवावा.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, पाणी तपासावयास देतांना ‘यांत जड धातू पाहिले जातात काय?’ असें अवश्य विचारावें. कारण नेहमींच्या तपासणींत बहुधा क्षार, कठीणपणा व जंतू एवढेंच पाहतात. नमुना प्रयोगशाळेनें दिलेल्या बाटलींतच भरावा, व तीवर विहिरीचें नांव आणि तारीख लिहावी. विद्यार्थ्यांनींही हें काम शिकून घ्यावें.