निकाली न निघणारी शंका

आपले हात स्वच्छ झाले आहेत हे ज्याच्या डोळ्यांना दिसते, बुद्धीला पटते आणि विचारले असता जो तसे स्वमुखाने कबूलही करतो, तोच मनुष्य पुन्हा नळाखाली हात धरतो, कातडी सोलवटेपर्यंत ते चोळतो आणि तरीही अस्वस्थच राहतो, ही मंत्रचळाची, म्हणजे ज्याला हल्ली सर्रास ओसीडी म्हटले जाते त्या विकाराची, सर्वांत क्लेशदायक बाजू होय. कोणाला कुलूप लागल्याची खात्री होत नाही, कोणी पायऱ्या मोजल्यावाचून जिना चढू शकत नाही, तर कोणी देवापुढे हात जोडले की नेमके अभद्र विचार मनात येऊन पापभीतीने पोखरला जातो. भ्रमिष्टाला आपला भ्रम सत्य वाटतो. येथे मात्र बहुतेक रुग्णांना आपल्या शंकेचा फोलपणा पुरेपूर ठाऊक असतो, आणि त्या जाणिवेचा त्यांना तिळमात्र उपयोग होत नाही. ज्ञान आहे, इच्छा आहे, परंतु आचरण ताब्यात नाही, असा हा मामला असल्यामुळे त्याचे खापर आजवर कधी दुबळ्या मनावर, कधी सोवळ्याच्या अतिरेकावर, कधी आईच्या कडक शिस्तीवर, तर कधी करणीवर फुटत आले. आणि ज्या अवयवाला प्रथम विचारायला हवे होते त्या मेंदूची साक्ष फार उशिरा नोंदली गेली.

तिचा पहिला ठळक भाग एका भयंकर साथीने पुरवला. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, व्हिएन्नातील कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या वैद्याने मेंदूला सूज आणून रुग्णाला दीर्घ निद्रेत लोटणाऱ्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या रोगातून जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांना पुढे कंपवातासारखी लक्षणे जडली. काहींचे डोळे तर अकस्मात वर फिरून तसेच खिळून राहत, आणि त्या झटक्यात एखादा विचार किंवा एखादी मोजणी त्यांच्या इच्छेविरुद्ध मनात सक्तीने चालू राही. स्नायूंवरील आणि विचारांवरील सक्ती एकाच वेळी यावी, आणि इजा मात्र मेंदूच्या खोल भागातील, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांत आढळावी, हा योगायोग मानणे कठीण होते.

याहूनही बोलका दाखला मुलांच्या एका जुन्या आजारात सापडतो. इंग्लिश वैद्य थॉमस सिडनहॅम याने १६८६ मध्ये वर्णिलेल्या कोरियात मुलाचे हातपाय आणि चेहरा त्याच्या इच्छेवाचून नाचल्यासारखे हलू लागतात. या आजाराचे मूळ घशात असते. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरला की शरीर त्यांच्यावर प्रतिपिंडे सोडते. परंतु काही मुलांमध्ये ही प्रतिपिंडे शत्रू आणि स्वकीय यांत भेद करू शकत नाहीत, आणि जंतूंशी साम्य असलेल्या आपल्याच पेशींवर, सांध्यांत, हृदयाच्या झडपांत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या पुंजक्यांत, हल्ला चढवतात; या दुखण्यालाच संधिवाताचा ताप म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे दाखवले की, संधिवाताचा ताप येऊनही ज्यांना कोरिया झाला नव्हता त्या मुलांपेक्षा कोरिया झालेल्या मुलांत मंत्रचळाची लक्षणे कितीतरी अधिक होती. म्हणजे ताप तोच, जंतू तेच, परंतु मेंदूचा तो भाग दुखावला तेथे शंकेने घर केले. पुढे १९९८ मध्ये याच गटाने घशाच्या संसर्गानंतर एकाएकी मंत्रचळ किंवा स्नायूंचे अनैच्छिक झटके सुरू होणाऱ्या पन्नास मुलांची हकिकत प्रसिद्ध करून त्या स्थितीला 'पँडास' असे नाव दिले. घसा दुखणे हा बालपणाचा नित्यधर्मच असल्यामुळे त्यातील कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड आहे, आणि तज्ज्ञांत त्यावर अद्याप वाद आहे. तो असो, कोरियाचा पुरावा त्याने बाधित होत नाही, आणि संधिवाताचा ताप आपल्या देशातून अजून हद्दपार झालेला नसल्यामुळे तो आपल्याला दूरचा मानण्याचेही कारण नाही.

बहुसंख्य रुग्णांना मात्र असा कोणताही ताप आलेला नसतो. त्यांच्या जिवंत मेंदूत डोकावण्याची सोय झाली ती किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो हे चित्रित करणाऱ्या यंत्रामुळे. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत लुईस बॅक्स्टर यांनी असे चित्रण केले, तेव्हा रुग्णांच्या मेंदूत दोन ठिकाणी प्रमाणाबाहेर खळबळ दिसली: डोळ्यांच्या खोबणींच्या लगेच वर असलेल्या बाह्यकात, आणि बेसल गँग्लियातील कॉडेट नावाच्या पुंजक्यात. हे दोन भाग थॅलॅमस या मेंदूतील केंद्रामार्गे एकाच वर्तुळात जोडलेले आहेत. 'काहीतरी चुकले आहे' अशी फिर्याद बाह्यक दाखल करतो, कॉडेटने तिची छाननी करून ती निकाली काढायची असते. परंतु जेथे या कचेरीतला निकालाचा शिक्काच उमटत नाही, तेथे तेच प्रकरण थॅलॅमसमधून पुन्हा वर जाते आणि प्रत्येक खेपेस नव्या तातडीने समोर येते. हात धुतल्याची माहिती मेंदूला असते. कृती पूर्ण झाल्याची खूण तेवढी मिळत नाही.

बॅक्स्टर यांचे १९९२ मधील पुढचे संशोधन मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी काही रुग्णांना फ्लुओक्सेटिन हे औषध दिले, तर काहींवर केवळ वर्तनोपचार केले. या उपचारात भयाच्या वस्तूला मुद्दाम स्पर्श करायचा आणि तरीही हात धुवायचे नाहीत, असा खडतर सराव असतो. सुमारे दहा आठवड्यांनी पाहिले, तेव्हा ज्यांना गुण आला होता त्यांच्या उजव्या कॉडेटमधील खळबळ दोन्ही गटांत कमी झालेली होती. गोळीने जे साधले ते निग्रहपूर्वक केलेल्या अभ्यासानेही साधले, आणि तेही मेंदूच्या त्याच पुंजक्यात! 'हा रोग शरीराचा की मनाचा?' हा वाद मग कोणत्या आधारावर चालू ठेवायचा?

औषधांनी दिलेला पुरावा मात्र अर्धाच आहे. क्लोमिप्रामिन या औषधाने मंत्रचळ कमी होतो, पण त्याच कुळातील डेसिप्रामिनने होत नाही. दोहोंत मुख्य फरक असा की पहिले औषध सेरोटोनिन या रसायनावर प्रभावी आहे, दुसरे नाही. यावरून सेरोटोनिनची कमतरता हेच कारण, असा निष्कर्ष घाईने काढला गेला. परंतु औषधाचा रासायनिक परिणाम लवकर सुरू होतो आणि रुग्णाला आराम पडायला कित्येक आठवडे लागतात. शिवाय पुष्कळ रुग्णांना त्याने पुरेसा गुणही येत नाही. सेरोटोनिन या वर्तुळाचा एक नियामक आहे, त्याचा उगम नव्हे.

उगमाच्या अधिक जवळ नेले ते उंदरांनी. ड्यूक विद्यापीठातील ग्वोपिंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये ज्यांच्यात 'सॅपॅप-३' हे जनुक नाही असे उंदीर तयार केले. चेतापेशींच्या सांध्यांची बांधणी राखण्यात या जनुकाचा वाटा असतो. ते उंदीर स्वतःचा चेहरा इतका साफ करीत बसले की केस झडून तेथे जखमा झाल्या. फ्लुओक्सेटिनने त्यांचे वर्तन सुधारले, आणि कॉडेट ज्याचा भाग आहे त्या स्ट्रायटममध्ये ते जनुक पुन्हा बसवले तेव्हाही सुधारले. पुढे २०१३ मध्ये सुझॅन आहमारी यांनी निरोगी उंदरांत बाह्यकाकडून स्ट्रायटमकडे जाणारे तंतू प्रकाशाच्या साहाय्याने दिवसामागून दिवस उद्दीपित केले, तेव्हा अंग साफ करण्याचे वेड हळूहळू वाढत गेले आणि प्रकाश बंद केल्यावरही काही काळ टिकले. एका दिवसाच्या उद्दीपनाने ते घडले नव्हते, आवर्तनाने घडले.

आनुवंशिकतेचा वाटाही निर्विवाद आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो साधारण निम्मा धरला जातो. परंतु एकच दोषी जनुक शोधणाऱ्यांची निराशा झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत पाहणीत ५३,००० हून अधिक रुग्णांच्या जनुकसंचातून ३० ठिकाणे निश्चित झाली, आणि त्यांतील प्रत्येकाचा एकट्याचा भार अत्यल्प आहे. वारशाने प्रवृत्ती येते; विकार जडेलच असे नाही.

एवढा पुरावा हाती असताना रुग्णाच्या स्वभावावर फिर्याद चालवणे अन्यायाचे आहे. घरात असे कोणी असेल तर त्याला दटावू नका. 'स्वच्छ आहेत रे हात' अशी शंभर वेळा खात्री देऊनही शंका शमत नाही, उलट ती खात्री मागण्याचीच सवय जडते. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, औषधाला काही आठवड्यांचा अवधी द्या आणि वर्तनोपचाराच्या सरावात त्याला साथ द्या. लहान मुलात ही लक्षणे एकाएकी उद्भवली, विशेषतः घसादुखीनंतर, तर बालरोगतज्ज्ञाला विनाविलंब दाखवा. मदत कोठे मागावी हे सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते.