पेडलवरची गादी

मोटारीच्या क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर कारखान्यातूनच एक काळी रबरी गादी चढवलेली येते. दुकानात तिला पेडल पॅड किंवा नुसतं ‘पेडल रबर’ म्हणतात. तिला डिंक नसतो, स्क्रूही नसतो. पेडलच्या टोकाच्या पोलादी पत्र्यावर रबराची दुमड चारी बाजूंनी ताणून बसवलेली असते आणि त्या ताणावरच ती टिकते. ॲक्सिलरेटरचं पेडल मात्र हल्लीच्या बहुतेक गाड्यांत सबंध प्लास्टिकचं असतं. त्याला वेगळी गादी नसते.

गर्दीच्या शहरात क्लचचं रबर आधी गुळगुळीत होतं. ब्रेकचं रबर बहुधा उजव्या कडेला झिजतं, कारण पाय ॲक्सिलरेटरवरून, म्हणजे उजवीकडूनच येतो. रेघा पुसल्या गेलेल्या रबरावर पावसाळ्यातली ओली चप्पल ठेवली की ती घसरते. पत्र्याचा कोपरा रबरातून डोकावू लागला, तर बदलायची वेळ उलटून गेली असं समजावं.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, त्याच मॉडेलचं कंपनीचं रबर आणून चढवणं. ते स्वस्त पडतं आणि सुट्या भागांच्या दुकानात मॉडेलचं नाव सांगितलं की मिळतं. दुसरी, ॲल्युमिनियमचं चकचकीत ‘स्पोर्ट पेडल’ कव्हर बसवणं. पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अशा कव्हरांचे संच मिळतात. त्यांचे तीन प्रकार: मूळ रबर काढून त्याच जागी ताणून बसणारं, मागून आकड्यांनी आवळायचं आणि पेडलला भोकं पाडून स्क्रूने जखडायचं. पहिला प्रकार मॉडेलच्या मापाने बनलेला असेल तर निर्धोक. दुसरा ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं सांगून विकला जातो, म्हणजे एकाही गाडीला तो नीट बसेल याची खात्री नसते. तिसरा घरी करूच नये. भोकामुळे प्लास्टिकचं ॲक्सिलरेटर पेडल कमकुवत होतं आणि तडा गेलाच, तर तो रस्त्यावर जातो.

कव्हर दिसायला नुसतं सजावटीचं, पण त्याने पेडलची जाडी, रुंदी आणि लांबी बदलते, आणि पाय तर पेडलांच्या ठरल्या जागांना सरावलेला असतो. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा डावीकडून उजवीकडचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये आला. त्याच काळातल्या फोर्ड मॉडेल टीची तीन पेडलं वेगळ्याच कामाची होती आणि तिचा ॲक्सिलरेटर स्टिअरिंगखालच्या हाताच्या दांडीवर होता. क्रम ठरून गेल्यावर पाय न बघता पेडल शोधायला शिकला. टाच जमिनीवर, चवडा ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये फिरतो. बहुतेक गाड्यांत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा थोडं उंच ठेवलेलं असतं. ब्रेक जोरात दाबला की ते खाली जातं, तरी ॲक्सिलरेटरच्या फार खाली जाऊ नये, असा तो हिशेब. आता फक्त ॲक्सिलरेटरवर बोटभर जाडीचं कव्हर चढवलं, तर करकचून ब्रेक दाबताना बुटाची उजवी कड ॲक्सिलरेटरलाही टेकते आणि गाडी थांबवता थांबवता पळवली जाते. रुंद कव्हराने दोन पेडलांमधली फट कमी होते आणि तोच प्रकार आणखी सोपा होतो.

लांबीचा धोका अमेरिकेतल्या एका प्रकरणाने दाखवला. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एका लेक्सस ईएस ३५० च्या अपघातात चौघांचा मृत्यू झाला. गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला होता. त्यानंतर टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या आणि अनेकांच्या ॲक्सिलरेटरचं खालचं टोक कापून आखूड केलं. बाजारातलं लांबट कव्हर तेच टोक पुन्हा वाढवतं, तेही आपल्याकडच्या जाडजूड सेव्हन-डी मॅटच्या अगदी जवळ.

रबर बदलायचं काम अर्ध्या तासाचं आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’मध्ये. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली घरात ठेवावी. हाताने ब्रेक दाबला जात असताना कोपराचा धक्का बटणाला लागू शकतो. सीट पूर्ण मागे सरकवून मॅट बाहेर काढावी आणि टॉर्च घेऊन खाली वाकावं. जुन्या रबराचा एक कोपरा अंगठ्याने सोलला की बाकीचं सहज निघतं. पत्र्यावरची माती आणि गंज पुसून तो कोरडा करावा. नवं रबर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवलं की मऊ पडतं. वरची कड आधी अडकवावी आणि बाकीची बोथट स्क्रू ड्रायव्हरने एकेक करून ओढून घ्यावी. तेल, ग्रीस किंवा साबण लावण्याचा मोह टाळावा. साधं पाणी वाळून जातं, तेल राहतं आणि रबर फुगवतं. शेवटी कडेभोवती बोट फिरवावं. एखादी दुमड पत्र्यावरच राहिली असेल, तर ती बोटाला लागते.

आकड्यांचं कव्हर लावायचंच असेल, तर ते ब्रेक आणि क्लचवर सारख्याच जाडीचं घ्यावं, ॲक्सिलरेटर तसाच सोडावा, आणि तेवढ्याने ब्रेक किती उंच झाला ते पट्टीने मोजावं. नट नायलॉनची चकती असलेला हवा; साधा नट थरथरीने सैल होतो. मागे उरलेलं बोल्टचं टोक कापून कानशीने घासून घ्यावं, नाहीतर क्लच तळाला जाण्याआधी ते गालिच्यावर टेकतं. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन वाजतो.

मग तपासणी. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबला की बूस्टरमधला निर्वात संपून पेडल कडक होतं. तेव्हा त्यावर पूर्ण जोर द्यावा. घाबरलेला माणूस ब्रेकवर ५० किलोचा भार सहज टाकतो. तेवढ्याने कव्हर तसूभरही हललं, तर ते काढून ठेवावं. पेडल सोडल्यावर मागचे लाल दिवे विझतात का, ते दुसऱ्या कुणाला पाहायला सांगावं, कारण जड कव्हराने पेडल पूर्ण वर येत नाही असंही होतं. मॅट परत टाकून ॲक्सिलरेटर हाताने तळापर्यंत दाबून सोडावा. तो झटकन परतला पाहिजे. घरातला सर्वांत रुंद बूट घालून ब्रेक दाबावा आणि त्याची कड कुठे जाते ते पाहावं. आकड्यांचे बोल्ट आठवड्याने पुन्हा आवळावे लागतात. गाडी धुणाऱ्या मुलाला मात्र आधीच सांगून ठेवावं: डॅशबोर्डचं पॉलिश पेडलला लावायचं नाही.