विश्लेषण : पडद्यावर लाडका, घरात दोडका… उंदराला दोन चेहरे कुणी दिले?

मिकी आणि जेरी घराघरांतील मुलांचे लाडके. गणरायाच्या पायाशी बसलेल्या मूषकाला तर मोदकाचा वाटाही मिळतो. पण तोच प्राणी स्वयंपाकघरात दिसला की पिंजरा, गोंदपट्टी आणि विषाच्या वड्या बाहेर निघतात. एकाच प्राण्याच्या या दोन प्रतिमा कशा घडल्या आणि त्यांचे परिणाम काय झाले?

मिकी माऊस कुठून आला?

१९२८ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या हातून ‘ऑस्वाल्ड’ हा लोकप्रिय ससा निसटला, कारण त्याचे हक्क वितरकाकडे होते. नव्या पात्राची निकड होती. डिस्ने आणि चित्रकार अब आयवर्क्स यांनी गोल कानांचा उंदीर घडवला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘स्टीमबोट विली’ हा बोलपट झळकला आणि मिकी जगभर पोहोचला. याच पहिल्या रूपातील मिकीवरील अमेरिकी स्वामित्वहक्क १ जानेवारी २०२४ रोजी संपला. १९४० मध्ये हॅना आणि बार्बेरा या जोडीने टॉमच्या नाकी नऊ आणणारा उंदीर आणला, तोच पुढे जेरी झाला. सूत्र एकच : लहानगा जीव बलाढ्याला चकवतो आणि प्रेक्षक लहानग्याच्या बाजूने उभा राहतो.

‘माऊस’ नायक आणि ‘रॅट’ खलनायक, असे का?

इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. घरातला छोटा उंदीर, म्हणजे ‘माऊस’, साधारण २० ग्रॅमचा. गटारात वावरणारा तपकिरी ‘रॅट’ मात्र पाव किलोच्याही पुढे जातो. पहिला गोंडस, भित्रा, निरागस. दुसरा घाणेरडा आणि कपटी, अशी वाटणी गोष्टींनी करून टाकली. इंग्रजीत दगाबाज माणसालाही ‘रॅट’च म्हणतात. धान्य फस्त करणे, कपडे कुरतडणे, रोग पसरवणे यांत छोटा उंदीरही मागे नाही, पण त्याच्या वाट्याला बदनामी कमी आली.

मराठीत काय चित्र आहे?

मराठीत अशी सरळ विभागणी नाही. आकाराने मोठ्या जातीला आपण घूस म्हणतो, पण बाकी सगळे ‘उंदीर’च. चिचुंद्री तर उंदराच्या कुळातलीही नाही. आपल्याकडे उंदीर खोडकर आहे, पण हलकट नाही. पंचतंत्रातला हिरण्यक कबुतरांचे जाळे कुरतडून त्यांना सोडवतो. टोपीवाल्या उंदराची गोष्ट तर मराठी मुलांना तोंडपाठ असते. सापडलेल्या चिंधीची तो टोपी शिवून घेतो आणि ढोलके बडवत थेट राजालाच चिडवतो. ‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ या म्हणीतही हसू आहे ते फुकट गेलेल्या खटाटोपाचे. तिथे उंदराचा दोष इतकाच, की तो लहान आहे.

मग उंदराची दहशत कशी बसली?

त्याला कारण प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत ही साथ आली आणि पुढे पुण्यासह राज्यभर पसरली. ‘उंदीर पडू लागले’ ही बातमी कानावर आली की लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधत. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेगचा जंतू एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेते ती पिसू. उंदीर मेला की पिसवा दुसरा आसरा शोधतात आणि माणसापर्यंत पोहोचतात. थोडक्यात, या साथीत उंदीर वाहक होताच, पण पहिला बळीही तोच होता. लोकांच्या मनात मात्र त्याचे पहिलेच रूप कोरले गेले.

युरोपातही भीतीने गोष्टी बदलल्या. जर्मनीतील हॅमेलिनच्या बासरीवाल्याची कथा १२८४ मध्ये गावातून १३० मुले नाहीशी झाल्याची आहे. जुन्या नोंदींत उंदरांचा पत्ताच नाही. ते सोळाव्या शतकात कथेत शिरले. आज मात्र उंदरांशिवाय ही गोष्ट कुणाला सांगताच येत नाही.

ही प्रतिमा माणसांवर कशी उलटली?

एखाद्या समाजाला ‘उंदीर’ म्हटले की त्याला संपवणे म्हणजे साफसफाई वाटू लागते. नाझी राजवटीने नेमके हेच केले. १९४० मधील एका प्रचारपटात उंदरांच्या झुंडी दाखवून ज्यूंशी त्यांची तुलना करण्यात आली. अमेरिकी चित्रकार आर्ट स्पीगलमन यांनी हीच शिवी उलटवली. आपल्या वडिलांच्या छळछावणीतील आठवणींवरील ‘माउस’ या चित्रकादंबरीत त्यांनी ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरे म्हणून रेखाटले. तिला १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

प्रतिमा बदलते आहे का?

थोडीफार. २००७ च्या ‘रॅटाटूई’ चित्रपटाने चक्क ‘रॅट’ला पॅरिसमधील हॉटेलचा बल्लवाचार्य केले आणि ऑस्करही पटकावले. पडद्याबाहेरचा नायक ठरला मगावा, गालात पिशव्या असलेल्या आफ्रिकी महाकाय उंदराच्या जातीचा. कंबोडियात त्याने वासावरून १०० हून अधिक भूसुरुंग आणि न फुटलेली स्फोटके शोधली. वजन इतके कमी, की त्याच्या पावलाने सुरुंग फुटत नसे. २०२० मध्ये एका ब्रिटिश प्राणी-सेवा संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. त्याआधी हा मान कोणत्याही उंदराला मिळाला नव्हता.

आपल्या शहरांसाठी याचा अर्थ काय?

उंदरांपासूनचा धोका खरा आहे. मुंबईत २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या, तसेच कुत्रे व गुरांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात मिसळतो आणि जखमेवाटे शरीरात शिरतो. महापालिकेचे मूषक संहारक रात्र-रात्र काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. पण उंदीर झपाट्याने वाढतात. मोकळ्या झालेल्या बिळांत नवे बिऱ्हाड यायला वेळ लागत नाही. उघड्यावरचे खरकटे, तुंबलेली गटारे आणि उघडी धान्यकोठारे बंद झाली तरच संख्या खाली येते.

गोष्टींनी उंदराला कधी खलनायक केले, कधी बाहुला. दोन्ही वेळा त्याला खाऊ घालणारा हात नजरेआड राहिला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणे टाळणे, पायाला जखम असल्यास डॉक्टरांना विचारून वेळेत औषध घेणे आणि रात्री खरकटे झाकणबंद डब्यात टाकणे, हे उपाय कोणत्याही पिंजऱ्यापेक्षा स्वस्त आहेत.