जुन्या जीपच्या ब्रेकांतील हवा

मौद्याचा शेतरस्ता सुटतांच नागपूर-भंडारा हमरस्ता लागतो. धानाचीं पोतीं भरलेल्या जुन्या जीपच्या ब्रेकनें तेथें दगा दिला तर जिवाशीं गांठ, म्हणून हा मजकूर.

मास्टर सिलिंडरचीं रबरें बदलल्यावर पेडल मऊ लागतें, तें बहुधा आंत राहिलेल्या हवेमुळें. तेल दबत नाहीं, हवा दबते. यास्तव सिलिंडर गाडीस जोडण्यापूर्वींच तेलानें भरून, बुडबुडे थांबेतों दट्ट्या हळूहळू दाबावा. मिस्त्री लोक नेमकें हेंच टाळतात, असा आमचा अनुभव आहे. मग सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढावी; उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जीपला तें मागील डावें. पेडलवर दाब असतां स्क्रू सोडावा, पाय उचलण्यापूर्वीं आवळावा. टांकींतलें तेल तळास जाऊं देऊं नये.

पेडल वारंवार मारल्यावर वर येत असेल, तर आधीं शू ड्रमजवळ आणावे. दाबून धरलेलें पेडल सावकाश खालीं जात असेल व बाहेर गळती नसेल, तर दोष हवेचा नव्हे; सिलिंडर आंतून ओरबाडलेला असावा, त्यावर नवें रबर बसत नाहीं. चाकें जखडत असल्यास दांडी व दट्ट्या यांत मोकळीक आहे कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर तेल परतण्याचें बारीक छिद्र झांकलेलें राहतें. इंजिनाचें तेल मात्र थेंबभरही घालूं नये. त्यानें रबर फुगतें, आणि नवें सामान आठवड्याभरांत भंगारांत जातें.