पट्टी सरकते तोवर
(जुन्या कम्प्युटरवर लिनक्स : लेखांक सहावा)

पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याचा, विषय या आठवड्यातही राहूनच जाणार आहे. नालासोपाऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न इतका मोलाचा आहे की तो बाजूला सारून पुढे जाणं मला पटत नाही. गुरुजींनी मागच्या लेखांकातलं सगळं नेटकेपणाने केलं. लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह तयार केला, त्यावरून कम्प्युटर सुरू केला, मराठी निवडली. डिस्कवर जपण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळी डिस्क पुसायला परवानगी दिली. नाव आणि पासवर्ड भरला. मग पट्टी सरकू लागली, चित्रं येऊन जाऊ लागली, आणि ते हात बांधून बसले. मध्येच पट्टी थांबली. ते विचारतात, ही थांबली म्हणजे बिघडलं का? आणि तोवर मी करायचं तरी काय?

आधी पहिला प्रश्न. पेनड्राइव्हवर पूर्ण सिस्टम दाबून, घडी घालून ठेवलेली असते. इन्स्टॉल करताना ती उलगडून डिस्कवर लिहिली जाते. हा भाग सरळ आहे. किती लिहायचं ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे पट्टी इथे बऱ्यापैकी इमानाने चालते. पुढची कामं मात्र वेगळ्या जातीची आहेत. कम्प्युटरमधलं हार्डवेअर ओळखायचं, नको ती पॅकेजेस काढायची, कम्प्युटर सुरू करून देणारा बूट लोडर बसवायचा. आणि निवडलेल्या भाषेची पॅकेजेस पेनड्राइव्हवर पूर्ण नसतील तर ती इंटरनेटवरून आणायची. इंग्रजी निवडणाऱ्याला हा शेवटचा फेरा बहुधा पडतच नाही, मराठी निवडणाऱ्याला पडू शकतो. गुरुजींची पट्टी बहुतेक तिथेच अडली असणार. अशा वेळी पट्टीजवळचा छोटा बाण दाबा. खाली काळी चौकट उघडते आणि तिच्यात आतल्या कामाच्या ओळी सरकताना दिसतात. ओळी सरकताहेत, डिस्कचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे काम चालू आहे. डाउनलोडच अडलं असेल तर ते वगळण्याचं बटण तिथेच असतं. ते बिनधास्त दाबा. राहिलेली भाषा नंतर सेटिंगमधून घेता येते.

विरार लोकलची वाट पाहणाऱ्यांना या पट्टीचं मानसशास्त्र वेगळं शिकवायला नको. इंडिकेटरवर मिनिटं दिसत असली की फलाट शांत असतो. इंडिकेटर कोरा झाला की माणसं रुळांकडे वाकून बघू लागतात, गाडी मात्र तितक्याच वेळात येते. टोरांटो विद्यापीठातल्या ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली नेमका हाच विषय घेऊन एक शोधनिबंध वाचला. काम किती टक्के झालं हे दिसत राहिलं तर माणसाला ते हवंहवंसं वाटतं, असं त्यांनी दाखवलं. पुढे २००७ मध्ये ख्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. सुरुवातीला रेंगाळून शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना जलद वाटली, आणि शेवटाजवळ थबकणारी सर्वांत नकोशी. लिनक्सच्या इन्स्टॉलरात होतं ते नेमकं हे दुसरं. फायलींची नक्कल भरभर होते आणि थबकणं येतं ते शेवटी. यात काही बिघाड नसतो, कामांचा क्रमच तसा आहे.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा : पट्टी सरकते तोवर करायचं काय? इन्स्टॉलर बनवणाऱ्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

विंडोज एक्सपी टाकताना उजवीकडे नव्या सोयींची वर्णनं येत राहायची आणि डावीकडे 'सुमारे ३९ मिनिटे' असा अंदाज दिसायचा. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना तो आकडा अजून पाठ असेल. मँड्रेक नावाच्या फ्रेंच लिनक्समध्येही अशी चित्रं होती, पण ती ज्या फोल्डरात ठेवली होती त्याचं नावच 'ॲडव्हर्टायझिंग' होतं. कॅल्डेरा कंपनीने १९९९ साली ओपनलिनक्स २.२ काढलं, तेव्हा वाट निराळी धरली. सिस्टम डिस्कवर उतरत असताना तुम्ही चक्क टेट्रिस खेळायचं. त्या काळात लिनक्स टाकणं म्हणजे काळ्या पडद्याशी झुंज, अशी ख्याती होती. तिथे हा खेळ ठेवणाऱ्याने समोर बसलेल्या माणसाचा विचार केला होता. मला ती कल्पना अजून आवडते. पण टेट्रिसने वेळ जातो, शिकणं होत नाही. विंडोज ३.० बरोबर १९९० साली आलेला सॉलिटेअर त्या मानाने जास्त उपयोगी. पत्ते उचलून ठेवता ठेवता कितीतरी लोकांचा हात माउसवर बसला.

उबुंटू या लिनक्सने २००९ च्या ऑक्टोबरात, ९.१० या आवृत्तीत, चित्रमालिका आणली. एकेक पान म्हणजे एक साधं वेबपान : इथे ब्राउझर, इथे फोटो, इथे नवी सॉफ्टवेअर मिळतात, अडलात तर मदत इथे. पानांवरचा मजकूर वेगळ्या फायलीत निघत असल्यामुळे स्वयंसेवकांना तो आपल्या भाषेत करता येई. उबुंटूवर उभ्या असलेल्या मिंटनेही हाच इन्स्टॉलर घेतला, म्हणून गुरुजींना दिसलेली चित्रं याच घराण्यातली. वर्षभराने, १०.१० मध्ये, आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली. डिस्कचा निर्णय झाला की लगेच नक्कल सुरू होते आणि गाव, कळफलक, नाव हे प्रश्न त्या वेळात विचारले जातात. म्हणजे वाट पाहण्यातला एक भाग कामातच मुरवला. मला हे चित्रांपेक्षाही मोठं वाटतं. कम्प्युटर मोकळा होईपर्यंत माणसाला ताटकळत ठेवायचं आणि मग प्रश्न विचारायचे, ही जुनी रीत तिथे मोडली.

२००९ हे वर्ष इथल्या लोकांना वसई-विरार महानगरपालिकेच्या स्थापनेचं म्हणून आठवेल. माझ्या लेखी त्या वर्षाचं आणखी एक महत्त्व आहे. १४ फेब्रुवारीला डेबियन या लिनक्सची ५.० ही आवृत्ती आली आणि तिच्या इन्स्टॉलरात प्रथमच मराठी आली. एकूण भाषा ६३. त्यांतल्या ५० जुन्या, साध्या अक्षरांच्या पडद्यावर चालत. उरलेल्या १३ फक्त चित्रमय इन्स्टॉलरात, आणि मराठी या तेरांतली. कारण उघड आहे. जुना पडदा चौकटीमागे चौकट मांडून एकेक अक्षर दाखवणारा. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते, रफार डोक्यावर चढतो, जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनं एकमेकांत शिरतात. हे त्या चौकटींत बसणारं नव्हतं. चित्रमय इन्स्टॉलर २००७ च्या आवृत्तीत आला तेव्हा कुठे देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ यांना दार उघडलं. मराठी मजकुरामागे सी-डॅक मुंबईच्या जनभारती प्रकल्पातली मंडळी होती. 'डिस्कची विभागणी होत आहे' एवढी एक ओळ पडद्यावर नीट उमटावी म्हणून किती जणांनी किती बारीक काम केलं, हे आज इन्स्टॉल करणाऱ्याच्या मनातही येत नाही. यावर कधीतरी एक आख्खा लेखांक लिहायचाय.

पण ही सगळी सजावट कोण बघतं? इतक्या वर्षांत मला यातली खरी अडचण इथे दिसली आहे. आपल्याकडे माणूस सिस्टम स्वतः टाकत नाही. तो कम्प्युटर उचलून स्टेशनजवळच्या दुकानात नेतो, 'फॉरमॅट मारून द्या' म्हणतो, दुकानातला मुलगा 'संध्याकाळी या' म्हणतो. चित्रं, मराठी ओळी, मदतीचा पत्ता, सगळं त्या मुलासमोर येऊन जातं. त्याने ते आधी कितीदा पाहिलेलं असतं, आणि शेजारी आणखी दोन कम्प्युटर उघडून पडलेले असतात. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं तो तेव्हा बाजारात असतो. घरी नेल्यावर तो नव्या पडद्यासमोर बसतो आणि त्याला आपली फाइल कुठे गेली तेसुद्धा कळत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत अपडेट थांबल्यापासून तर जुने कम्प्युटर घेऊन येणारे वाढलेत. म्हणून लोकांच्या जुन्या कम्प्युटरवर लिनक्स टाकायला आम्ही वाचनालयात बसतो तेव्हा एक नियम कटाक्षाने पाळतो : मालक शेजारी बसल्याशिवाय काहीही टाकायचं नाही. इन्स्टॉलच्या त्या वेळात माणसाचं मन पूर्णपणे त्या यंत्रावर असतं. पुढे कधीच तो इतका लक्ष देऊन त्याच्याकडे बघणार नाही.

आणि त्या वेळात कम्प्युटर वापरताही येतो. मिंट पेनड्राइव्हवरून सुरू केलं की आधी पूर्ण डेस्कटॉप येतो आणि इन्स्टॉलर ही त्यातली एक खिडकी असते. पट्टी सरकू लागली की ती खिडकी बाजूला सारा आणि मागचा डेस्कटॉप उघडा. मेमरी अगदी कमी असेल तर थोडं जड चालेल, पण चालेल. ज्यांनी माउस कधी धरलेला नाही त्यांना मी ड्रॉइंग उघडून देतो. घर काढा, त्यात रंग भरा. ज्यांना टंकायचं आहे त्यांच्यासाठी कळफलकांच्या यादीतून 'इंडियन' निवडतो. हा इन्स्क्रिप्ट, १९८६ पासूनचं सरकारी मानक. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. पहिला शब्द गावाचा. बी दाबा, एम दाबा, मग शिफ्ट धरून आर : वसई. विरारकरांना बी, एफ, जे, ई, जे. वेलांटी आधी दिसत असली तरी ती व्यंजनानंतर दाबायची, हे 'विरार' लिहिताना एकदा हाताला कळलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आगाशीच्या एका मावशी बचत गटाचा हिशेब ठेवतात. त्यांचा कम्प्युटर जुना, डिस्क फिरती, त्यामुळे वेळ बराच लागणार होता. त्या वेळात त्यांनी गटातल्या बायकांची नावं देवनागरीत टंकायला घेतली. सुरुवातीला एकेक अक्षर शोधत, मग हळूहळू बिनचूक. इथे एक गोष्ट मी आधीच सांगून ठेवतो, तुम्हीही सांगा : पेनड्राइव्हवरून चाललेल्या या डेस्कटॉपचं सगळं मेमरीत असतं. इन्स्टॉल संपून कम्प्युटर पुन्हा सुरू झाला की इथे लिहिलेलं नाहीसं होतं. म्हणून मावशींची यादी आम्ही दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली. 'सेव्ह कुठे केलं?' हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भेटला, आणि तोही खऱ्या गरजेतून. मला तर वाटतं, चित्रमालिकेच्या पहिल्याच पानावर हे यायला हवं. फोटो सुंदर लावता येतात हे नवख्याला नंतर कळलं तरी चालेल. फाइल कुठे ठेवली, कम्प्युटर बंद कसा करायचा, मराठी कळफलक कुठे बदलायचा, ही तीन पानं आधी.

तशी पानं आम्ही कागदावर केली आहेत, मोठ्या टायपात, कळफलकाच्या चित्रासह. मालक आला की कागद त्याच्या हातात. ज्यांना बघून शिकणं सोपं जातं त्यांच्यासाठी पवईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या प्रकल्पातून तयार झालेले हे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात, आणि त्यांतल्या अनेकांना मराठी आवाज दिलेला आहे. त्यांची पद्धत मला फार पटते : अर्ध्या पडद्यावर धडा चालतो, उरलेल्या अर्ध्यावर तेच आपण करून बघायचं. धडे आधी उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही. पट्टी सरकते तेवढ्या वेळात एखादा धडा आरामात होतो.

दुकानदारांसाठीही मार्ग आहे. मालकाला थांबायला वेळ नसेल तर मिंटच्या सुरुवातीच्या यादीतला 'ओईएम इन्स्टॉल' हा पर्याय घ्या. तो कम्प्युटर तयार करून विकणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तात्पुरत्या खात्यातून सगळं बसवायचं, तपासायचं, आणि शेवटी डेस्कटॉपवरचं, ग्राहकाकडे पाठवायची तयारी करणारं चिन्ह दाबून बंद करायचं. कम्प्युटर घरी जाऊन पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा भाषा, गाव, कळफलक, नाव हे प्रश्न मालकालाच विचारले जातात. पासवर्ड दुकानातल्या मुलाला ठाऊक नसतो, तो फायदा वेगळाच. वसई-विरारमधल्या दुकानांत ही रीत रुळावी असं मला मनापासून वाटतं. कुणा दुकानदाराला ती एकदा समोर करून बघायची असेल तर त्यांनी वाचनालयात जरूर यावं.

एक सूचना पावसाळ्याची. इन्स्टॉलर सुरुवातीलाच चार्जर लावायला सांगतो तो उगाच नाही. डिस्क लिहिली जात असताना लाइट गेली तर बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्या. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल तर आभाळ भरून आलेली संध्याकाळ टाळा, सकाळी बसा.

पुढच्या वेळी मात्र पार्टिशन नक्की. विंडोज ठेवून शेजारी मिंट बसवायचं असणाऱ्यांसाठी तो लेखांक आहे. तोवर डी ड्राइव्हवरचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा, आणि उतरवलेल्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा.